चार कोपऱ्यांतला नाद

बारवी धरण तुडुंब भरले म्हणजे त्याचे दरवाजे आपोआप उघडतात आणि पाण्याचा घोष खालच्या रानात घुमू लागतो. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बांधलेल्या या धरणाच्या पाण्यावर अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या आपल्या पट्ट्यातले कारखाने चालतात, हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे. परंतु आज आपल्याला त्या पाण्याकडे नव्हे, तर त्याच्या आवाजाकडे पाहावयाचे आहे. अशा वेळी रानाच्या कडेला उभा असलेला मनुष्य डोळे मिटूनही बिनचूक सांगतो की, पाणी समोर कोसळत आहे, पाठीमागे पानांवर सरी वाजत आहेत आणि डाव्या हाताला कोठे तरी एक पाखरू ओरडत आहे. दोन कानांच्या जोरावर तो हा चारी दिशांचा नकाशा मांडतो. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्या कानाला किंचित मागाहून; हे अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. पुढे-मागे ओळखण्याच्या कामी कानाच्या पाळीच्या वळ्या आणि मानेची नकळत होणारी हालचाल उपयोगी पडते.

निसर्गाने दिलेली ही शक्ती यंत्राने मात्र प्रथम हिरावून घेतली. एडिसनने १८७७ साली आवाज पकडला आणि बर्लिनरने १८८७ साली त्याची चपटी तबकडी केली, तेव्हा साऱ्या जगाचे संगीत एका कर्ण्याच्या तोंडातून बाहेर पडू लागले. १९०२ साली गैसबर्ग कलकत्त्यास आला, गौहरजानने त्याच्यापुढे गाऊन ठेवले, आणि पुढे आमच्या नाट्यगीतांनाही तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या लाखेच्या तबकडीत अंग चोरून बसावे लागले. गायक समोर, तबलजी उजवीकडे, सारंगिया डावीकडे हा बैठकीचा थाट त्यात उरला नाही. सर्व मंडळी एकाच भोकातून बोलू लागली. तरीही लोक ऐकत राहिले, कारण सूर खरा असेल तर कान बाकीचे माफ करतो. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे ध्यानात ठेवणे जरूर आहे.

आज ज्या गोष्टीविषयी आम्ही लिहीत आहोत, ती म्हणजे तबकडीतून चारी बाजूंचा आवाज काढण्याचा उद्योग. इंग्रजीत त्यास क्वाड्राफोनिक म्हणतात. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार ध्वनिक्षेपक आणि ऐकणारा मध्यभागी, अशी त्याची मांडणी असल्यामुळे आम्ही त्याला चौकोनी ध्वनी म्हणू. हा उद्योग १९७० च्या सुमारास मोठ्या गाजावाजाने सुरू झाला आणि सात-आठ वर्षांत धुळीस मिळाला. चाळीस वर्षांनी तो पुन्हा डोके वर काढू लागला आहे. एखादी वस्तू बाजारात का पडली हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पडलेली वस्तू कशामुळे उठली हा प्रश्न त्यापेक्षा अधिक मनोरंजक आहे.

एका खाचेत एक आवाज मावतो हे तर सरळच झाले. एका खाचेत दोन कसे मावले, हे आधी पाहू. ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली त्याची युक्ती नोंदवली. तबकडीवरची खाच ही नांगराच्या तासासारखी असते. तिला दोन उतरत्या भिंती असतात. एका भिंतीवर डावा आवाज कोरावा, दुसऱ्या भिंतीवर उजवा, आणि सुईने दोन्ही भिंती एकदम वाचाव्यात. युक्ती इतकी सुटसुटीत आहे की ती कोणालाही सुचली असती असे वाटते. पण ती बाजारात यायला १९५८ साल उजाडले. बुद्धिमान ब्लुमलाइन तोवर हयात नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, रडारच्या चाचणीसाठी निघालेले विमान कोसळून त्यात त्याचा अंत झाला होता.

दोन झाले, मग चार का नकोत? येथपासून गोष्टीला रंग भरतो. चुंबकीय फितीवर चार समांतर पट्टे घेणे अवघड नव्हते. अमेरिकेत व्हॅनगार्ड कंपनीने १९६९ साली अशा फिती विकायलाही काढल्या. परंतु सामान्य गिऱ्हाइकाच्या घरी होती तबकडी, आणि तबकडीच्या खाचेला भिंती दोनच. तिसरी भिंत आणावयाची कोठून?

यावर दोन परस्परविरुद्ध उत्तरे निघाली. पहिले उत्तर असे : चार आवाज दोनांत कालवून टाकावेत आणि घरी पुन्हा वेगळे करावेत. चार विहिरींचे पाणी दोन नळांत सोडून द्यायचे आणि घरी पोचल्यावर ज्या विहिरीचे पाणी त्याच घागरीत भरायचे, अशातलाच हा प्रकार. शाळेतला मुलगाही सांगेल की, दोन समीकरणांतून चार अज्ञात संख्या निघत नाहीत. तरी या लोकांनी एक खूण ठेवली होती. मागच्या आवाजांच्या लहरी मिसळताना त्या थोड्या पुढे-मागे सरकवून मिसळायच्या, म्हणजे घरातले यंत्र त्या सरकण्यावरून त्यांना ओळखील. पीटर शायबर नावाच्या अमेरिकन वादकाने या दिशेने पहिली पावले टाकली. १९७१ साली कोलंबिया कंपनीने आपली एसक्यू पद्धत काढली, आणि जपानच्या सान्सुई कंपनीने क्यूएस. दोघांत फरक एवढाच की, कोलंबियाने पुढच्या डाव्या-उजव्यांतला फरक कसोशीने जपला आणि पुढच्या-मागच्यांची भेसळ पत्करली. सान्सुईने चारही कोपऱ्यांना समान वागवले, म्हणजे थोडीथोडी भेसळ सर्वांच्या वाट्याला आली.

ही भेसळ लपवण्यासाठी जी यंत्रे निघाली, त्यांची तऱ्हा मोठी गमतीची होती. ज्या क्षणी ज्या कोपऱ्यातला आवाज मोठा, त्या क्षणी बाकीचे तीन कोपरे यंत्र हळूच दाबून धरी. वर्गात जो मोठ्याने बोलतो तोच एकटा बोलतो आहे असा मास्तरांचा समज व्हावा, तसे हे होते. एकटा वादक वाजवत असताना सारे ठीक चाले. चौघे एकदम वाजवू लागले की यंत्राची भंबेरी उडे आणि ध्वनी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात धापा टाकत पळू लागे.

दुसरे उत्तर जपानच्या जेव्हीसी कंपनीचे, आणि ते आम्हांस पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिक वाटते. तिने सीडी-४ नावाची पद्धत काढली. अमेरिकेत आरसीए कंपनीने तिचा कैवार घेतला. त्यात कालवाकालव नव्हती. डाव्या भिंतीवर पुढच्या डाव्याची आणि मागच्या डाव्याची बेरीज कोरायची, आणि त्याच भिंतीवर, मनुष्याच्या कानाला ऐकू येत नाहीत अशा सेकंदाला ३०,००० कंपनांच्या लहरीवर बसवून, त्या दोघांची वजाबाकी कोरायची. बेरीज १२ आणि वजाबाकी ४ असेल तर मूळ संख्या ८ आणि ४, हे काढायला अंदाज लागत नाही. चारही आवाज जसेच्या तसे परत मिळतात.

मात्र या प्रामाणिकपणाची किंमत जबर होती. त्या वरच्या लहरी वाचण्यास सेकंदाला सुमारे ४५,००० कंपने टिपणारी सुई हवी. साध्या सुईने पाचपंचवीस वेळा तबकडी वाजवली की ती सूक्ष्म नक्षी झिजून जाई आणि मागचे दोन कोपरे खरखरू लागत. म्हणून जेव्हीसीच्या शिबाता या अभियंत्याने सुईच्या हिऱ्याला नवा आकार दिला. त्यामुळे सुईचा भार खाचेच्या भिंतीवर एका बिंदूवर न पडता उभ्या रेषेत पसरे. तबकडीसाठी अधिक चिवट प्लॅस्टिकही तयार करावे लागले. सीडी-४ पद्धत मेली, पण शिबाता सुई मेली नाही. उत्तम स्टीरिओ ऐकणारे लोक ती आजही विकत घेतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना ती कशासाठी जन्मली हे ठाऊकही नसते.

आता गिऱ्हाइकाची स्थिती पाहा. कोलंबियाची तबकडी घेतली तर आरसीएची तिच्या यंत्रावर चारी बाजूंनी वाजत नाही. आरसीएचे यंत्र घेतले तर सान्सुईची वाजत नाही. दुकानदारालाच तीन पद्धतींतला फरक सांगता येत नसे. प्रत्येक कंपनीला वाटे की दुसरी आधी दमेल. त्यातच १९७३ साली तेलाचा पेचप्रसंग आला. तबकडीचे प्लॅस्टिक तेलापासूनच निघते. ते महागले आणि दुर्मिळ झाले. १९७७-७८ च्या सुमारास बहुतेक कंपन्यांनी हा नाद सोडून दिला होता.

कंपन्यांच्या भांडणाने घात केला, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे आहे. पण आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. दुसरे कारण घराचे आहे. चौकोनी ध्वनीला चौकोनी, मोकळी खोली लागते. तिच्या मधोमध एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर एकच माणूस, तोही न हलता बसलेला. अमेरिकेतल्या ऐसपैस घरांतही गृहिणींनी मागच्या दोन पेट्यांना हरकत घेतली. आपल्याकडची गोष्टच सोडा. उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी महायुद्धातल्या लष्करी बराकींत पडदे आणि पत्रे लावून संसार मांडले. अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे निजत. तेथे चार कोपऱ्यांपैकी एकात देव, एकात मोरी, एकात ट्रंकांची उतरंड. ध्वनिक्षेपकाला कोपरा मिळायचा कोठून? ज्यांच्या घरी तबकडी वाजे, त्यांच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा असला तरी तो गल्लीचा अभिमान ठरे.

उलट आपल्याकडे चारी दिशांचा आवाज होता तो रस्त्यावर, आणि तोही उफराटा! गणेशोत्सवात बांबूच्या टोकाला चार कर्णे पाठीला पाठ लावून बांधलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आमचे म्हणणे लगेच कळेल. अमेरिकेत चार कर्णे एका माणसाकडे तोंड करून बसवले. आम्ही एका तबकडीचा आवाज चार कर्ण्यांनी चारी आळ्यांत पाठवला. तो चौकोनी एकट्याचा होता, हा चौमुखी साऱ्या गावाचा. गावाच्या झोपेचा त्यात बळी जातो हे खरे. परंतु एक तबकडी, एक यंत्र आणि हजार श्रोते हा हिशेब आपल्या परिस्थितीला साजेसा होता.

तथापि महाराष्ट्राने खरा सभोवारचा ध्वनी त्याच काळात ऐकला, आणि तो घरात नव्हे, तर थिएटरात. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' प्रदर्शित झाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा थिएटरात तो ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आणि सहा पट्ट्यांच्या चुंबकीय ध्वनीसह दाखवीत. या पद्धतीत पाच आवाज पडद्यामागून येतात आणि सहावा प्रेक्षागृहाच्या भिंतींवरून. याआधी १९६७ साली 'अराउंड द वर्ल्ड' हा ७० मिलिमीटरचा हिंदी चित्रपट निघाला होता. पण लोकांच्या कानांत बसला तो 'शोले'च. त्याच्या ध्वनीचे संमिश्रण मंगेश देसाई यांनी केले. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून या मराठी माणसाने हिंदी चित्रपटांच्या एका संपूर्ण पिढीचे आवाज जुळवले. 'पाकीजा'ही त्यांच्याच हातचा. पडद्यावर नाव झळकते ते नटांचे आणि संगीतकारांचे. पण घोड्याच्या टापा कोठून कोठे जाव्यात आणि झोपाळ्याची करकर किती वेळ एकटी ऐकू यावी, हे ठरवणारा माणूस वेगळाच असतो, आणि त्याचे नाव वाचण्याआधीच आपण उठून बाहेर पडतो.

'शोले'तल्या त्या नाण्याची गोष्ट आपण ऐकली असेल. नाणे उडवले जाते, ते खाली पडून खणखणते, आणि मिनर्व्हातले प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली वाकून बघत, असे सांगतात. गोष्टीला थोडे मीठमिरे लागले असेलही. परंतु चौकोनी ध्वनीच्या कारखानदारांनी लक्षावधी डॉलर खर्चून जे साधू पाहिले, ते या एका नाण्यात साधले होते. पडदा समोर आहे हे माहीत असलेला माणूस क्षणभर ते विसरला. त्याच चित्रपटाच्या संवादांची तबकडी पॉलिडोर कंपनीने काढली आणि ती अफाट खपली. लग्नाच्या मांडवात आणि हॉटेलांत तिचाच गजर चाले. म्हणजे हाच 'शोले' लोकांनी थिएटरात सहा पट्ट्यांनी ऐकला आणि गल्लीत एका कर्ण्याने. दोन्हीकडे त्यांची तक्रार नव्हती.

घरात जे फसले ते थिएटरात का टिकले, याचे उत्तर यातच आहे. थिएटरात खोलीचा खर्च सर्वांनी मिळून दिलेला असतो. तेथे कोपऱ्यासाठी कोणाशी भांडावे लागत नाही. म्हणूनच तबकडीवाल्यांनी टाकून दिलेले गणित चित्रपटवाल्यांनी उचलले. १९७० च्या दशकाच्या मध्यास डॉल्बी कंपनीने चार आवाज दोन पट्ट्यांत कालवून चित्रपटाच्या फितीच्या कडेला छापण्याची पद्धत आणली. ते गणित चौकोनी तबकडीच्याच जातीचे होते. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ती जगभर नेली. आपल्याकडे १९९४ च्या '१९४२ : अ लव्ह स्टोरी'ने हिंदी चित्रपटात डॉल्बी स्टीरिओ आणला. पुढे घरातल्या दूरदर्शन संचाभोवती पाच-सहा पेट्या मांडण्याची जी पद्धत पडली, तिचे मूळही या मोडलेल्या दुकानातच आहे.

आता पुनरुज्जीवनाकडे वळू. येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. चौकोनी ध्वनी परत आला तो मुख्यतः तबकडीवर आलेला नाही. १९७० च्या दशकात चार पट्ट्यांवर जुळवून ठेवलेल्या मूळ फिती कंपन्यांच्या कोठारांत पडून होत्या. इंग्लंडच्या डटन व्होकॅलिअनने त्या शोधून चकचकीत सीडीसारख्या चकत्यांवर काढल्या; अमेरिकेत ऱ्हायनो कंपनीने क्वाडिओ या नावाने ब्लू-रेवर काढल्या. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चे ॲलन पार्सन्सने केलेले चौकोनी संमिश्रण त्या काळी एसक्यू तबकडीवर निघाले होते. २०११ साली ते मूळ चार आवाजांनिशी पुन्हा प्रसिद्ध झाले. ज्यांनी तरुणपणी ती तबकडी विकत घेतली, त्यांना तिच्यात खरोखर काय कोरलेले होते हे कळायला म्हातारपण यावे लागले. तबकडी खरी होती. वाचणारे यंत्र अडाणी होते.

यंत्रही आता शहाणे झाले आहे. ध्वनीचे वरचे, मधले आणि खालचे स्वर वेगवेगळे तपासून प्रत्येकाची दिशा स्वतंत्रपणे ठरवायची, हे काम आता संगणकी चिप सेकंदाला हजारो वेळा करते. ऑस्ट्रेलियाच्या इन्व्हॉल्व्ह कंपनीने अशी यंत्रे बाजारात आणली. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या क्यूएस आणि एसक्यू तबकड्या आज त्यांच्या जन्माच्या वेळेपेक्षा चांगल्या वाजतात. दुसऱ्या कोणत्या वस्तूविषयी असे म्हणता येईल, ते आम्हांस चटकन सुचत नाही.

आणि नव्या तबकड्या? त्या मोजक्याच आहेत. सर्वांत बोलकी सुझान चियानीची. विद्युत्-वाद्यांवर काम करणाऱ्या या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकापासून असा हट्ट धरला होता की, आपले वाद्य चार ध्वनिक्षेपकांसाठीच आहे. त्याचे स्वर खोलीभर फिरले पाहिजेत. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी केलेले वादन २०१८ साली क्यूएस पद्धतीने तबकडीवर निघाले, आणि ते उलगडण्याचे छोटे यंत्रही तिच्याबरोबर देण्यात आले. येथे चौकोनी ध्वनी अलंकार म्हणून आलेला नाही. तो काढला तर रचनाच उरत नाही.

हाच निकष जुन्या तबकड्यांना लावला तर पुष्कळ उलगडा होतो. त्या काळात अभियंत्यांचे दोन पंथ होते. एक म्हणे, वादक पुढेच राहू द्या. मागच्या दोन कोपऱ्यांतून फक्त सभागृहाच्या भिंतींचा प्रतिसाद ऐकवा. अंबरनाथाचे शके ९८२ मधले शिवालय आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या सभामंडपात घंटेचा टोल घातला तर टोल एका जागी होतो, पण नाद साऱ्या खांबांमधून येतो. आणि पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की तोच नाद वरून अंगावर झरतो. या पंथाला हे हवे होते. दुसरा पंथ म्हणे, चार कोपरे आहेत तर चार वादक बसवा. टीकाकारांनी त्यांची भरपूर टर उडवली. वादकांच्या घोळक्यात मधोमध बसून गाणे ऐकायची कोणाला हौस आहे, असे ते विचारीत.

टीकाकारांचे म्हणणे मैफलीपुरते बरोबर आहे. आपली बैठक समोरासमोरची आहे. गवयाच्या नजरेला नजर मिळणे हा तिचा भाग आहे. पण सर्वच संगीत तसे नाही. व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिरात गॅब्रिएली समोरासमोरच्या सज्जांत वादकांचे ताफे बसवून एकमेकांना उत्तरे देववीत असे. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या चर्चमध्ये चार ठिकाणी चार ऑर्गन आहेत आणि एका बैठकीवरून ते चारही वाजवता येतात, ई. पॉवर बिग्ज या वादकाने त्यांवर बाखचे संगीत वाजवले आणि १९७४ च्या सुमारास कोलंबियाने ते चौकोनी तबकडीवर काढले. ही तबकडी दोन पेट्यांवर ऐकणे म्हणजे चार वेशींच्या गावात एकाच वेशीतून डोकावण्यासारखे आहे.

आणि आपल्याकडे? वारकऱ्यांच्या हरिपाठात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर पावली खेळतात, मध्ये वीणेकरी उभा असतो. त्या वीणेकऱ्याला जे ऐकू येते, ते कोणत्याही तबकडीने आजवर आपल्याला ऐकवलेले नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात दोन पक्ष समोरासमोर बसतात. एका बाजूने सवाल सुटतो, दुसरीकडून जवाब येतो, आणि श्रोत्याची मान इकडून तिकडे वळत राहते. गोल रिंगणात तर टाळ-मृदंगांचे कडेच असते. हे सर्व आपण एका माइकपुढे आणून उभे केले आणि सपाट केले.

झाले ते झाले. परंतु त्यावर जो उपाय अलीकडे निघाला आहे, त्याविषयी आम्हांस शंका आहे. जुन्या एकपदरी गाण्यांना यंत्राने फाडून पाच-सहा पेट्यांत पसरतात आणि त्यास नवे रूप म्हणतात. मुंबईतल्या जुन्या ध्वनिमुद्रणात बहुधा सर्व वादक आणि गायक एका वेळी, एका खोलीत वाजवीत-गात. समतोल तेथेच ठरे आणि फितीवर तोच उतरे. जे कधी वेगळे नव्हतेच ते वेगळे करावयाचे तर कोठे तरी कल्पना लढवावी लागते. २००४ साली 'मुगल-ए-आझम' रंगीत करून नव्या ध्वनीसह आणला, तेव्हा मूळ गायकांचे आवाज तसेच ठेवून साथीचे संगीत नव्याने वाजवून घेतले. नौशाद स्वतः हयात होते आणि त्यांचा त्यात हात होता, म्हणून ते शोभले. प्रत्येक गाण्याच्या नशिबी त्याचा कर्ता हजर असतोच असे नाही.

पाश्चात्त्यांचा चौकोनी ध्वनी उठू शकला, कारण त्यांच्या चार पट्ट्यांच्या फिती जागेवर होत्या. आपली स्थिती 'शोले'वरूनच कळते. ज्या ७० मिलिमीटरच्या प्रतींनी मिनर्व्हा गाजवले, त्यांतली एकही उरलेली नाही. मूळ निगेटिव्ह खराब झालेली. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हा चित्रपट पुन्हा उभा केला तो लंडनच्या आणि मुंबईच्या कोठारांत सापडलेल्या साहित्यावरून. जुन्या चुंबकीय ध्वनिफितीचाही त्यात उपयोग झाला. जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात तो दाखवला गेला. देशातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाची ही कथा, तर लहान कंपन्यांच्या कपाटांतल्या फितींचे काय झाले असेल, याचा विचार करवत नाही. मुंबईत १९९० च्या सुमारास जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी आपली संस्था काढली आणि एकेका लाखेच्या तबकडीची नोंद ठेवायला सुरुवात केली, ती अशाच काळजीपोटी. हे काम पगारी नोकरांनी नव्हे, तर रविवारी मोकळ्या असलेल्या शौकिनांनी केले आहे.

तबकडी स्वतः मात्र परतली आहे. अमेरिकेत २०२२ साली १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा तबकड्या अधिक विकल्या गेल्या. आपल्याकडे १९९० च्या दशकात तबकड्या दाबण्याचे काम थंडावले होते. २०२४ साली मुंबईच्या परिसरात तसा कारखाना पुन्हा सुरू झाला. येथे पहिल्या उत्तराचा, म्हणजे कालवाकालवीच्या पद्धतीचा, एक गुण उपयोगी पडतो. क्यूएस तबकडीला वेगळी सुई, वेगळे प्लॅस्टिक वा वेगळा साचा लागत नाही. जो कारखाना साधी स्टीरिओ तबकडी दाबतो तो हीही दाबू शकतो, आणि ज्याच्याकडे दोनच पेट्या आहेत त्याच्या घरी ती स्टीरिओ म्हणून बिनतक्रार वाजते. म्हणजे हरिपाठाच्या दोन रांगांमध्ये वीणेकऱ्याच्या जागी चार दिशांना तोंड केलेले चार माइक उभे करायचे, दीड-दोन तास कोणी खोकू नये एवढी व्यवस्था ठेवायची, आणि बाकीचे काम संगणकावर करायचे. आपल्या भागात भजनी मंडळांना तोटा नाही. माइक भाड्याने मिळतात.